मिठाच्या चहाला आठ गुण

आधी एक विचारतो, राग मानू नका. माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर? शेजाऱ्यावर म्हणाल, तर त्याचा डोळा आपल्या जागेवर असतो. घरच्यांवर म्हणाल, तर आपल्याला बरं वाटावं म्हणून ते गोड बोलतात. आणि स्वतःच्या मनावर म्हणाल, तर जरा थांबा. याच प्रश्नापायी एक चांगलं चाललेलं दुकान विकलं जाता जाता राहिलं. ते मी जवळून पाहिलंय. किती जवळून, ते आता सांगतो.

मी एक गाळा बोलतोय. बाजारातला नव्हे, एका माणसाच्या मेंदूतला.

डोळ्यांच्या मागे, बरंच आत, आमची वस्ती आहे. सगळे बोळच बोळ. बोळ इतके अरुंद की त्यांच्यापुढे केस म्हणजे हमरस्ता. बोळाच्या एका बाजूच्या घरातून निरोपे बाहेर पडतात. त्यांना डोपामिन म्हणतात. समोरच्या भिंतीला आम्ही गाळे. निरोप्या येतो, माझ्या गाळ्यावर क्षणभर टेकतो, मी आत दोरी ओढतो आणि आत वर्दी जाते, ‘इकडे लक्ष द्या, हे कामाचं आहे, पुन्हा करण्यासारखं आहे.’ मग निरोप्या उठतो. बोळात हमाल फिरत असतात, ते त्याला उचलून त्याच्या घरी परत नेतात. बोळ पुन्हा मोकळा.

पुस्तकात मला ग्राही म्हणतात. आमचे पाच प्रकार आहेत, त्यातला मी दोन नंबरचा. मी काही शाळा शिकलो नाही, जे कळलं ते बोळाकडे तोंड करून बसल्यानं कळलं. बाहेरच्या बातम्या वरच्या मजल्यावरून झिरपत येतात, डोळ्यांच्या आणि कानांच्या. त्यामुळे मला सगळं कळतं, फक्त जरा उशिरा.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, नंतर कटकट नको. मी म्हणजे एकच जीव नव्हे. आमच्यातला कुठलाही गाळा थोड्या दिवसांत जुना होतो, आत ओढला जातो, मोडीत निघतो आणि त्या जागी नवा बसतो. पण पाटी तीच. पेढीवर आजोबा बसले काय आणि नातू बसला काय, बोलणारा ‘मी’च म्हणतो. मीही तसंच म्हणणार.

आता मालकांची ओळख करून देतो. माझे मालक बटणं विकतात.

हसलात? सगळेच हसतात. पण त्यांचं दुकान एकदा बघाच. रुंदी इतकी की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे जावं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. शिंपल्याची, शिंगाची, पितळेची, लाकडाची, कापड मढवलेली. वरच्या खणांसाठी चाकांची शिडी. आणि गल्ल्याशेजारी पितळी कडेचा काचेचा ट्रे. गिऱ्हाइकाचं बटण आणि आपलं बटण त्यात शेजारी शेजारी ठेवून दिव्याखाली बघायचं, अशी तिथली कामाची पद्धत.

मालकांची खरी कमाई म्हणजे हरवलेल्या बटणाचा जोड शोधणं. एखादा कोट घेऊन येतो, सहातली पाच बटणं आहेत, सहावं गेलंय. मालक पाचातलं एक अंगठ्याखाली घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हलकेच गोल फिरवायचे. मग हात आपोआप कुठल्यातरी खणाकडे जायचा. एकदा वाद्यवृंदाचा एक म्होरक्या कार्यक्रमाला तासभर उरला असताना धापा टाकत आला. पितळेचं बटण, त्यावर बारीक दोरखंडाची नक्षी. मालकांनी चाळीस मिनिटं घेतली आणि तिसऱ्या भिंतीच्या सर्वांत वरच्या रांगेतून ते काढून दिलं. त्या बाप्यानं मालकांना अशी मिठी मारली की शिडी हलली.

“एका बटणासाठी एवढा वेळ!” ताई म्हणाल्या. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण, दुकानात निम्म्या भागीदार, गल्ल्यावर बसणाऱ्या. “आपण बटणं विकतो की अनाथाश्रम चालवतो?”

“ताई, ज्याचं एक सापडतं तो पुढच्या खेपेला बाराचा संच नेतो,” मालक म्हणाले.

खरं कारण ते नव्हतं. खरं कारण मला माहीत होतं. हात खणाकडे निघाला रे निघाला की आमच्या बोळात निरोप्यांची ही झुंबड! गंमत बघा, बटण हाती आल्यावर नव्हे, ते येणार असं वाटताच. लोक डोपामिनला आनंदाचा रस म्हणतात. मला विचाराल तर तो आनंदापेक्षा आशेचा माणूस आहे. बटणाची झुंबड, सकाळच्या चहाची झुंबड, मालकीणबाई, म्हणजे मालकांची बायको, दुकानात शिरल्या की होणारी झुंबड. छोट्या छोट्या. मापात. धंदा असाच चालावा.

मग बटणांच्या एका प्रदर्शनात नमुनेवाला भेटला.

कुठल्याशा कारखान्याचे नमुने घेऊन फिरणारा गडी. जीभ अशी की समोरच्यानं स्वतःचाच सदरा त्याच्याकडून विकत घ्यावा. प्रदर्शनाचा तिसरा दिवस, मालक उभे राहून राहून थकलेले. तो म्हणाला, “शेठ, जरा हे ओढा नाकात. तरतरी येईल. सगळेच घेतात.” पांढरी पूड होती. कोकेन.

लोकांना वाटतं ती पूड येऊन आमच्याच गाळ्यांवर बसते. छे! माझ्या गाळ्यावर ती कधी फिरकलीसुद्धा नाही. तिनं फक्त एक केलं, हमालांच्या दारात जाऊन बसली. हमाल निरोप्यांना परत नेणार कुठून? बोळात निरोपे साठले. जे आले ते जाईनात. तेच ते पुन्हा पुन्हा माझ्या गाळ्यावर येऊन टेकायला लागले.

धंदेवाईक मनाचा मी, पहिल्या दिवशी खूश झालो. म्हटलं, एवढी वर्दळ जन्मात पाहिली नाही, भाग्य उजळलं. पण बाजारात पुढे कळतं ते मलाही कळलं. कुणी काहीच न घेता नुसती कडी वाजवत राहिलं, तर ती वर्दळ नसते, तो गोंगाट असतो. वर्दी जात होती, ‘हे कामाचं आहे, हे कामाचं आहे!’ आणि काय कामाचं आहे म्हणून बघावं तर काहीच नाही, रिकामी काच.

मालक ती पूड कशावर मांडायचे सांगू? दुकानाच्या मागच्या खोलीत, त्याच पितळी कडेच्या ट्रेवर.

अशी चार वर्षं गेली. कानठळ्या बसल्या की माणूस कान झाकतो. आम्ही फळ्या लावल्या. एक गाळा बंद झाला, शेजारचा झाला, जुना मोडला त्या जागी नवा बसेना. आम्ही दोन नंबरवाले दिसामाशी कमी होत गेलो. कोणी मुद्दाम शिक्षा केली नव्हती. तो आमचा आपला जीव वाचवण्याचा उपाय होता. पण त्याचा फटका भलत्यालाच बसला. गोंगाटापुरते गाळे कसेबसे उरले, बटणाच्या, चहाच्या, बायकोच्या बारीकशा निरोपाला दार उघडायला कोणी उरेना.

हे सगळ्यांत आधी ताईंच्या लक्षात आलं. पैशांवरून नव्हे, एका शब्दावरून. कोणी कोट आणला की मालक अंगठ्याखाली बटण न घेताच म्हणायला लागले, “नाही मिळणार. बारा नवी लावून टाका.” जन्मात ज्यानं ‘नाही मिळणार’ म्हटलं नव्हतं, त्या माणसाचं हे बोलणं.

शेवटी एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर मालकांच्या नाकातून रक्त सांडलं. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. कोटाचे डाग निघतील का, एवढंच मालकीणबाईंनी परिचारिकेला विचारलं. काही बायका अशाच रडतात.

पूड बंद झाली.

पहिला आठवडा मालक झोपले, उठले की खाल्लं, खाल्लं की चिडले, पुन्हा झोपले. तो काळ अवघड होता पण सरळ होता. खरी अडचण पुढे आली. हमालांच्या दारात बसलेली पूड उठली, हमाल कामाला लागले, बोळ झाडून पुसून साफ. आणि समोरच्या घरातून निरोपे येईनात. चार वर्षांच्या धुमाकुळानंतर त्यांचाही हात आखडला होता. आले तर एक-दोन, आणि ते कुठं टेकणार? निम्म्या गाळ्यांना फळ्या. मी उघडा होतो, तर माझ्या उजवीकडे बंद, डावीकडे बंद. बोळात इतकी शांतता की मला माझीच दोरी करकरलेली ऐकू यायची.

बाहेरून मालक ठीकठाक दिसत होते. दाढी केलेली, कपडे धुतलेले, वजनही वाढलं. आत मात्र कशाचं काही वाटत नव्हतं.

व्यसनमुक्ती केंद्रात एक बाई होत्या. गळ्यात दोन चष्मे, एक वाचायचा, एक बघायचा, आणि दोन्ही कायम चुकीच्या वेळी डोळ्यावर. त्यांनी मालकांना एक वही दिली. “रोज जेवण झालं की तीन ओळी. चहा, एक माणूस, एक काम. तिघांना दहापैकी गुण द्यायचे. कोणाला खूश करायला लिहायचं नाही. शून्य असेल तर शून्य.”

मालक म्हणाले, “बाई, आमच्या धंद्यात मालाला शून्य म्हणायची पद्धत नाही.”

“म्हणून तर सांगतेय,” बाई म्हणाल्या, आणि चुकीच्या चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सवय वाईट. मालकांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, चहा सात, बायको नऊ, काम सहा. दुसऱ्या दिवशी चहा सात, बायको नऊ, काम सात. मी आत बसून बघतोय, बोळात चिटपाखरू नाही आणि वर नऊ! पण मी ओरडणार कसा? माझ्याकडे एक दोरी आहे, तोंड नाही.

यात लबाडी नव्हती हो. मालकीणबाई सकाळी चहा ठेवायच्या आधी ती वही उघडायच्या. नऊ वाचलं की त्यांचे खांदे दोन बोटं खाली यायचे. ते खांदे खाली यावेत म्हणून मालक लिहायचे. गिऱ्हाइकाला माल पसंत पडावा म्हणून दुकानदार जसा हसतो, तसं.

पण खोट्या वहीचा खरा तोटा लिहिणाऱ्यालाच होतो. महिनाभर रोज आठ-नऊ लिहिल्यावर मालकांना वाटायला लागलं की हेच आठ-नऊ असणार. जगणं म्हणजे एवढंच, इथून पुढे काही वाढायचं नाही. बटणाला हात लावला तरी बटण, दगडाला लावला तरी दगड. मग हे दुकान कशाला?

शेजारच्या बूटवाल्याचा बऱ्याच वर्षांपासून त्या जागेवर डोळा होता. मधली भिंत पाडली की त्याचं दुकान दुप्पट. मालकांनी त्याला शब्द दिला, येत्या शुक्रवारी सही.

तो पूड सोडल्यापासूनचा अडतिसावा दिवस. दुपारी मालकीणबाईंनी दुकानात चहा आणला, रोजच्यासारखा. रात्री जेवणं झाल्यावर मालकांनी वही काढली आणि तेव्हाच सहीचं सांगितलं. ताई त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होत्या.

“का पण?” ताई म्हणाल्या. “कारण तरी सांग.”

“मन लागत नाही.”

“वहीत तर सात लिहितोस कामाला!”

“सात म्हणजे काही मन लागणं नव्हे.”

मालकीणबाई इतका वेळ ताट आवरत होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले. “अहो, आजच्या चहाला किती?”

“आठ,” मालक लिहिता लिहिता म्हणाले.

“सगळा प्यायलात?”

“कप रिकामा नव्हता का?”

“साखर नव्हती त्यात. मीठ होतं. चमचाभर.”

ताईंना हसू आवरेना. “आठ! अरे, मिठाच्या चहाला आठ, तर साखर घातल्यावर काय पंधरा देतोस?”

“खारट लागला मला,” मालक हळूच म्हणाले. “वाटलं, माझ्याच जिभेला काहीतरी झालंय. उगाच तक्रार कशाला.”

मालकीणबाई हसल्या नाहीत. “मला वाटतच होतं. रोज नऊ कसे पडतील? लग्न झालं तेव्हासुद्धा रोज नऊ नव्हते पडत.” त्या समोर बसल्या. “मग मला जे नऊ देता, ते किती आहेत?”

मालकांनी बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

“शून्य,” ते म्हणाले. “तुझं नाही गं ते, माझं आहे. तू आत आलीस की मला कळतं, तू आलीस. एवढंच. त्याच्या पुढचं काही होतच नाही.”

मी बघत होतो. कोरड्या बोळातून त्या वेळी एकसुद्धा निरोप्या गेला नाही. पण चार वर्षं आणि अडतीस दिवसांत मालकांच्या तोंडून निघालेलं आणि माझ्या बोळाशी तंतोतंत जुळणारं ते पहिलं वाक्य होतं.

मालकीणबाईंचे खांदे वर गेले, तिथंच राहिले. मग त्यांनी वही मालकांच्या पुढ्यात सरकवली. “तेच लिहा.”

मालकांनी आठ खोडला. तीन शून्यं लिहिली, एकाखाली एक.

“आता दुकानाचं माझं ऐक,” ताई म्हणाल्या. “अंगात ताप असताना जेवणाला नावं ठेवायची नसतात. निम्मं दुकान माझं आहे आणि शुक्रवारी माझा हात दुखणार आहे, सही होणार नाही. शंभराव्या दिवशी वही उघडू. खरी वही. तेव्हाही शून्यंच निघाली तर पहिली सही माझी.”

“आणि बूटवाला?”

“त्याला इतकी वर्षं दम निघाला ना? अजून दोन महिने निघेल.”

पुढच्या भेटीत मालकांनी दोन चष्म्यांच्या बाईंना मिठाचं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की एक चष्मा पडला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “तुमच्या मेंदूतली घेणारी दारं मिटलीत. ती उघडतात, पण आपल्या घाईनं उघडत नाहीत. कोणाची काही आठवड्यांत बरीच सुधारतात, कोणाला महिनोन्महिने लागतात, काहींची सगळी उघडतही नाहीत. तुमचं कसं होईल ते आज मी सांगू शकत नाही. म्हणून मोठे निर्णय आत्ता घ्यायचे नाहीत.”

वरून ही बातमी झिरपत आली तेव्हा मला फार बरं वाटलं. इतके दिवस मी आत बसून हेच म्हणत होतो, कोणीतरी ते बाहेर बोललं.

नंतरचे दिवस शून्यांचे. पानंच्या पानं. मालकीणबाई रोज वही उघडायच्या, शून्यं वाचायच्या आणि चहा ठेवायच्या, साखरेचा. आमच्याकडे हळूहळू फळ्या हलत होत्या. एखादा नवा गाळा बसायचा, दोन दिवस तग धरायचा, मोडायचा, पुन्हा बसायचा. ढकलून उघडणारं दार नाही हे. बाहेर शांतता टिकली, तरच आतला भित्रा जीव थोडं डोकावतो.

एकसष्टाव्या दिवशी मालकांनी वहीत चौथी ओळ लिहिली. ती सांगायला मला जरा जड जातं, पण आपण खरं बोलायचं ठरवलंय.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाला बटणं दाखवायला त्यांनी पितळी कडेचा ट्रे दिव्याखाली सरकवला आणि काच चमकली. बस्स! माझे तीन नंबरचे चुलतभाऊ, ते अशा काळात आमच्यासारखे कमी होत नाहीत, उलट वाढलेले दिसतात म्हणे, ते धडाधडा उठले. बोळात निरोपे नव्हते तिथं एकदम लोंढा. नमुनेवाल्याचा नंबर मालकांना पाठ होता, बोटं खिशातल्या फोनवर गेली. गिऱ्हाईक म्हणालं, “अहो, ही लालसर बटणं दाखवा ना.” मालकांनी फोन सोडून खण ओढला. एवढ्यावर निभावलं.

आणि जेवणानंतर त्यांनी लिहिलं, ‘चहा शून्य. बायको शून्य. काम शून्य. काचेचा ट्रे, दहा.’

लिहून वही मिटली नाही, उघडीच ठेवली.

सकाळी मालकीणबाईंनी ते वाचलं. दुपारी मालक दुकानात गेले तर काचेचा ट्रे जागेवर नव्हता. तिथं एक लाकडी ट्रे होता, आत करड्या रंगाचं जाड कापड चिकटवलेलं. कापड जरा तिरकं बसलं होतं, कडेला डिंकाचे फुगे.

“हे कोणी केलं?”

“केलं कोणीतरी,” ताई गल्ल्यावरून म्हणाल्या. “तुझ्या बायकोला सांग, डिंक कमी लावत जा.”

लबाड वहीत हा दहाचा आकडा कधीच आला नसता. आणि आला नसता तर तो ट्रे आजही त्या दिव्याखाली असता. पुढचं काय झालं असतं, त्याचा विचार मी करत नाही.

त्र्याण्णवाव्या दिवशी एक बस-कंडक्टर बाई दुकानात आल्या. ड्युटी संपवून, गणवेशातच. पिशवीतून त्यांनी एक जुना तपकिरी कोट काढला. “आईचा आहे. माझ्या अंगाला आता बरोबर बसतो. पण एक बटण गेलंय हो.”

मालकांच्या जिभेवर ‘नाही मिळणार’ आलंच होतं. सवयच ती. पण त्यांनी कोट करड्या कापडावर ठेवला, आणि तिथं ठेवलेलं बटण खळखळत नाही, चमकत नाही, गप्प पडून राहतं. ते गप्प बटण बघून मालकांनी नकळत त्यावर अंगठा ठेवला. शिंगाचं, चार भोकांचं, एका कडेला हलकासा उंचवटा. त्यांनी डोळे मिटले.

आणि हात उठला.

समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. एक निरोप्या. दुसरा. मग चार-पाच जण, बिचकत बिचकत, बऱ्याच दिवसांनी गावी आल्यासारखे. एक माझ्या गाळ्यावर टेकला. मी दोरी ओढली. बघतो तर उजवीकडच्या नव्या शेजाऱ्यानंही ओढली! काय सांगू तुम्हाला, मला वाटलं आम्हा दोघांना मिळून आख्खा बाजार परत मिळाला.

दुसऱ्या भिंतीची सातवी रांग. मालकांनी खण ओढला. “अरे!” एवढंच म्हणाले.

“मिळालं?” कंडक्टर बाई म्हणाल्या.

“जुळतंय बहुतेक,” मालक म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

जेवणानंतर लिहिलं, ‘काम, दीड.’

मालकीणबाईंनी खांद्यावरून वाचलं. “दीड? सरळ दोन द्या की.”

“दोनला अर्धा कमी पडतोय.”

“हे बघा, गुणांतसुद्धा घासाघीस! आणि मला?”

मालकांनी जरा विचार केला. घाईनं नाही, अंगठ्याखाली बटण धरल्यासारखा. “एक.”

“बिनमिठाचा?”

“बिनमिठाचा.”

“मग ठेवते जपून,” त्या म्हणाल्या, आणि कप विसळायला गेल्या. तिथून त्यांचं नाक ओढल्याचा आवाज आला. मालकांनी ऐकला. तेव्हाही माझ्याकडे एक निरोप्या येऊन गेला, तो वहीत लिहायचा राहिला.

शंभराव्या दिवशी ताईंनी दुकानात वही उघडली. शून्यं, शून्यं, एक दहा, पुन्हा शून्यं, मग दीड, एक, शून्य, एक, दोन. ताई बोट फिरवत शेवटपर्यंत आल्या. “जुन्यासारखे नऊ लिहीत बसला असतास,” त्या म्हणाल्या, “तर हा दीड मला दिसलाच नसता. उलट वाटलं असतं, घसरला.”

तेवढ्यात बूटवाला आला. कागद काखेत, चेहऱ्यावर साखर. “शंभर दिवस झाले बरं का शेठ. मग? आज करायची ना सही?”

मालक त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते त्याच्या मनगटाकडे बघत होते.

“तुमच्या बाहीचं बटण गेलंय,” ते म्हणाले.

“जाऊ द्या हो, ते कुठे मिळतंय आता!”

“इकडे द्या बाही.”

आणि मालक शिडीकडे निघाले. ताईंनी बूटवाल्याच्या काखेतला कागद हळूच काढून घेतला, घडी घातली आणि तो त्याच्याच खिशात ठेवला. “बसा,” त्या म्हणाल्या. “याला वेळ लागेल.”

त्याला आता सव्वा वर्ष झालं. आमच्या बोळात पूर्वीइतके गाळे अजून नाहीत. काही जागा रिकाम्याच आहेत, त्या भरतील की नाही ते मला माहीत नाही, दोन चष्म्यांच्या बाईंनाही नाही. पण रोजची वर्दळ आहे. चहाला मालक पाच देतात, थंडी असेल तर सहा. ताईंना कधी कधी दोन, त्या बोलल्या तर. मालकीणबाईंचा आकडा मी सांगणार नाही, तो त्यांच्या घरचा आहे. नमुनेवाला एकदा दुकानावरून गेला, तेव्हा चुलतभाऊ उठले होते. मालकांनी त्याही दिवशी लिहिलं, आकड्यासकट. बूटवाला तीन वेळा बटणं घेऊन गेला. जागेचं बोलत नाही.

मी सुखात आहे. मोडतो, पुन्हा बसतो, दोरी ओढतो. एवढ्या लहान जीवाला अजून काय हवं?

तुमच्याही आत माझेच भाऊबंद बसलेत, त्यांना तोंड नाही, म्हणून त्यांच्या वतीनं एक मागतो. वही ठेवा अगर ठेवू नका, पण कोणी विचारलं ‘कसं वाटतंय’, की त्याचे खांदे खाली यावेत म्हणून नऊ सांगू नका. शून्य असेल तर शून्य लिहा. दहा चुकीच्या जागी पडले असतील तर तेही लिहा, आणि वही उघडी ठेवा. दीड आला तर त्याचे दोन करू नका. हिशेब तेवढा खरा ठेवा. तो खरा असला की आमचं उघडलेलं एकेक दार तुम्हाला मोजता येतं.